दीपगृहापर्यंत पायी: वाट, भरती आणि दिवा लागण्याची वेळ

दीपगृह बांधतात ते दुरून दिसावं म्हणून. समुद्रावरून येणाऱ्याला आधी क्षितिजावर एक ठिपका दिसतो, मग आकार कळतो, मग रंग ओळखू येतो. रात्री तर फक्त प्रकाशाची उघडझाप दिसते. गाडी थेट पायथ्याशी लावून, वर चढून, चार फोटो काढून जो खाली उतरतो, त्याच्या पदरात यातलं फारसं काही पडत नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: दोन-तीन किलोमीटरची सोपी किनारवाट असेल तर दीपगृह चालतच गाठा, आणि जमलं तर दिवा लागेपर्यंत थांबा. अशी भेट नीट पार पडायची तर दोन वेळा सांभाळाव्या लागतात, समुद्राची आणि सूर्याची. बाकीची तयारी त्यामानाने सोपी आहे.

दीपगृह निवडताना

काही दीपगृहं मुख्य भूमीवर, भूशिराच्या टोकाला असतात. काही अशा बेटांवर असतात, जिथली वाट ओहोटीला उघडी पडते आणि भरतीला पाण्याखाली जाते. इंग्लंडमधलं सेंट मेरीज बेट किंवा कॅलिफोर्नियातलं बॅटरी पॉइंट ही त्याची प्रसिद्ध उदाहरणं. उरलेली भर समुद्रातल्या खडकांवर, जिथे होडीशिवाय जाता येत नाही. पहिल्यांदाच जात असाल, बरोबर लहान मुलं किंवा वयस्क माणसं असतील, तर भूशिरावरचं निवडा. ओहोटीच्या वाटेची मजा वेगळीच आहे, पण तिथे घड्याळ तुमच्या हातात नसतं.

माहिती वाचताना उंचीचे दोन आकडे दिसतील आणि त्यांची सहज गल्लत होते. एक मनोऱ्याची उंची, दुसरी समुद्रसपाटीपासून दिव्याची उंची. मनोऱ्याच्या उंचीवरून जिना किती ते कळतं. एक पायरी साधारण १८ ते २० सेंटिमीटरची, म्हणजे २०० पायऱ्या चढल्यावर तुम्ही ३६ ते ४० मीटर वर आलेले असता. दिव्याच्या उंचीतून मनोऱ्याची उंची वजा केली की उरतो तो पायवाटेचा चढ. मनोरा बुटका आणि दिवा मात्र शंभर मीटरवर असेल, तर तुमची दमछाक जिन्यात नाही, वाटेवरच होणार.

दिवा जितका उंच तितका चांगला, असंही नसतं. दक्षिण आफ्रिकेत केप पॉइंटला १८६० साली समुद्रापासून २३८ मीटर उंचीवर दीपगृह उभारलं, पण ते वारंवार ढगात आणि धुक्यात हरवायचं. १९११ मध्ये लुसितानिया नावाचं पोर्तुगीज प्रवासी जहाज तिथल्या खडकावर आपटलं. त्यानंतर अवघ्या ८७ मीटर उंचीवर नवं दीपगृह बांधलं आणि १९१९ पासून तोच दिवा काम करतो आहे. कोणत्याही दीपगृहाकडे जाताना ‘हे नेमकं इथेच का, आणि इतक्याच उंचीवर का?’ हा प्रश्न मनात ठेवला, तर आजूबाजूचे खडक, वळणं आणि खाड्या निराळ्या नजरेने दिसायला लागतात.

वाटेचीही चौकशी करा. जुन्या दीपगृहांवर रखवालदार कुटुंबासह राहत. त्यांचा शिधा, तेल, कोळसा कुणीतरी वाहून नेई. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी कड्यावरच्या पायवाटेशिवाय आतल्या बाजूने एक जुना, रुंद, बेताच्या चढाचा सामानाचा रस्ता असतो. गुडघे दुखत असतील किंवा बाळगाडी, चाकाची खुर्ची न्यायची असेल, तर आधी त्याची चौकशी करा. बाकीच्यांनी कड्यावरून जाऊन या रस्त्याने परत यावं. फेरीही पूर्ण होते आणि अंधारात कड्यावरून चालायची वेळ येत नाही.

मनोरा आतून बघायला खुला आहे का, हे त्याच दिवशी विचारून घ्या. चालू दीपगृह ही आधी नौकानयनाची यंत्रणा आहे, प्रेक्षणीय स्थळ नंतर. देखभाल निघाली किंवा वारा वाढला की दार बंद होतं, आणि ते योग्यच आहे. मुलांसाठी किमान उंचीची अटही बऱ्याच ठिकाणी असते.

भरती-ओहोटीचं गणित

वाट पुळणीवरून, खडकांवरून किंवा खाडीच्या तोंडावरून जात असेल तर हा भाग घाईने वाचू नका.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, साधारण १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. गेल्या शनिवारी कुणी ‘चार वाजता ओहोटी होती’ म्हणालं म्हणून या शनिवारी चारला जाऊ नका. तोवर सगळं जवळजवळ उलटलेलं असतं. काही समुद्रांत दिवसाला एकच भरती येते, भूमध्य समुद्रात तर चढउतार अगदीच कमी. म्हणून त्या किनाऱ्याचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय काहीही ठरवू नका. वेळापत्रक एखाद्या बंदराचं असतं. तुमची जागा तिथून लांब असेल तर वेळेत फरक पडतो. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करणाऱ्या देशांत तो तास वेळापत्रकात धरला आहे की नाही, तेही तपासा.

पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास उधाण असतं. भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. खडकांवरची वाट पूर्ण मोकळी हवी असेल तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी सर्वांत चांगली. मात्र त्याच दिवशी पाणी परत येतं तेही झपाट्याने.

पाणी एकाच वेगाने चढत नाही. ओहोटीच्या तळापासून भरतीच्या टोकापर्यंत सुमारे सहा तास लागतात. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असं पाणी वाढतं. पहिल्या तासात समुद्र जागचा हलत नाही असं वाटतं आणि माणसं निवांत बसून राहतात. पुढच्या दोन-तीन तासांत मात्र निम्म्याहून जास्त पाणी वर आलेलं असतं. चढउतार चार मीटरचा असेल तर तिसऱ्या एकाच तासात पाणी एक मीटर चढतं, म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेइतकं. वाट मधेच सखल असेल तर तुमच्या पायाखालचा भाग कोरडा असताना मागचा रस्ता बंद झालेला असू शकतो.

यातून निघणारा सोपा नियम असा: ओहोटी संपायला दोन तास असताना निघा, आणि तळाची वेळ उलटून तास व्हायच्या आत धोक्याचा टप्पा ओलांडून परत या. जागेवर सुरक्षित वेळांचा फलक असेल तर तोच अंतिम, माझा नियम नाही. वादळी हवेत वेळापत्रकावरही विसंबू नका. समुद्राकडून जोराचा वारा असला की पाणी किनाऱ्यावर रेटलं जातं, शिवाय हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की पातळी सुमारे एक सेंटिमीटर वाढते. आणि बेटावर अडकलातच तर पाण्यात उतरू नका. उंचावर थांबा आणि पुढच्या ओहोटीची वाट बघा. घोट्याएवढ्या दिसणाऱ्या वाहत्या पाण्यातही पाय निसटतो.

दिवसाची कोणती वेळ

सूर्यास्तापासून मागे मोजत या. तीन किलोमीटरची वाट रमतगमत चालायला सव्वा तास धरा. वाळू असेल तर दीड, कारण वाळूत पाऊल रुततं आणि वेग पडतो. मनोरा आणि परिसराला एक तास. तिथे दिवा लागेपर्यंत थांबायचं असेल तर सूर्यास्ताच्या अडीच-तीन तास आधी निघालेलं बरं. मात्र मनोऱ्याचं दार बहुधा संध्याकाळपूर्वीच बंद होतं. तेव्हा आधी थेट जाऊन वर चढा आणि रेंगाळणं उतरल्यानंतरसाठी ठेवा.

ओहोटी आणि सूर्यास्त एकाच दिवशी जुळवायचे असतील तर एक गोष्ट उपयोगी पडते. दिवसाला दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर, एकाच ठिकाणी, उधाणाच्या दिवसांत ओहोटी दर वेळी साधारण त्याच घटकेला येते. एका पौर्णिमेला ती दुपारी असेल तर पुढच्या अमावस्येलाही दुपारीच असणार. संध्याकाळची ओहोटी हवी असेल तर त्या किनाऱ्यासाठी कोणती तिथी धरायची, हे एकदा वेळापत्रक चाळून समजलं की कायमचं समजलं.

उजेडाच्या दिशेचाही विचार करा. पश्चिमेकडच्या टोकावरच्या दीपगृहाकडे संध्याकाळी चालत गेलात तर सूर्य डोळ्यांवर येतो आणि मनोरा नुसता काळा दिसतो. त्याचे रंग बघायचे तर सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळ. वाऱ्याच्या हिशेबानेही सकाळ बरी: जमीन तापली की खारे वारे सुटतात आणि दुपारनंतर जोर धरतात. समुद्रावर जागोजाग पांढरा फेस उडताना दिसला की वारा ताशी वीस किलोमीटरच्या पुढे गेला असं समजा. वर सज्जात तो आणखी जोरात लागेल. वारा अंगावर घेत जाणं आणि पाठीवर घेत परतणं कधीही चांगलं. दमलेल्या पायांना उलट वारा नको.

बरोबर काय घ्यायचं

फार नाही. पकड असलेले बंद बूट, कारण चपलेने ओल्या खडकावर आणि लोखंडी जिन्यावर फजिती होते. तासाला अर्धा लिटर या हिशेबाने पाणी. टोकावर पाणी मिळेलच असं धरू नका. वारा अडवणारं पातळ जाकीट उन्हाळ्यातही घ्या. टोपीला हनुवटीखाली बंद हवा. गार वाऱ्यात ऊन जाणवत नाही, पण पाण्यावरून परावर्तित होऊन त्वचा चांगलीच भाजते, म्हणून सनस्क्रीन. दोन्ही हात मोकळे राहतील अशी पाठीवरची लहान सॅक आणि माणशी एक टॉर्च. मोबाइलचा टॉर्च हा दुसरा पर्याय, पहिला नव्हे. दुर्बीण असेल तर जरूर घ्या. कुठे चाललात आणि किती वाजेपर्यंत परताल, हे घरी कुणाला तरी सांगून निघा.

वाटेवर

मनोरा पहिल्यांदा दिसेल तिथे थांबा. त्याचा रंग आणि नक्षी बघा. दिवसा दिवा उपयोगाचा नसतो, तेव्हा खलाशी मनोऱ्याच्या रंगावरून ठिकाण ओळखतात. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना किनाऱ्यावर जमीन सपाट आणि सगळे मनोरे जवळपास एकाच घाटाचे, म्हणून १८७३ मध्ये त्यांना वेगवेगळी नक्षी ठरवून दिली: केप हॅटरसला काळे-पांढरे पिळाचे पट्टे, बोडी आयलंडला आडवे पट्टे, केप लुकआउटला चौकटी. पांढऱ्या खडकाच्या किनाऱ्यावर लाल पट्टे आणि हिरव्या डोंगरासमोर शुभ्र मनोरा दिसतो, त्यामागेही हाच विचार असतो. मनोऱ्यामागे काय आहे ते बघितलं की रंगाचं कारण आपोआप कळतं.

कड्याच्या काठाशी मात्र जाऊ नका. समुद्र कडा खालून पोखरतो. वरून भक्कम दिसणाऱ्या गवताखाली कधीकधी नुसती हवा असते. काठापासून निदान तीन-चार पावलं आत राहा, पावसानंतर आणखी आत. किनारा किती सरकतो हे केप हॅटरसला दिसलं: पाणी पायथ्याजवळ आलं म्हणून १९९९ मध्ये तो विटांचा अख्खा मनोरा उचलून सुमारे ८८० मीटर आत नेऊन ठेवावा लागला.

खडकांवर उतरायचं असेल तर आधी पंधरा-वीस मिनिटं लांबून लाटा बघा. मोठ्या लाटा थांबून थांबून येतात. मधला शांत काळ पाहून माणसं पुढे जातात आणि नेमकी तेव्हाच मोठी लाट येते. जो खडक ओला आहे तिथवर पाणी येतंच, असं धरून चाला. काळपट-हिरवट दिसणाऱ्या खडकावर शेवाळ असतं, त्यावर पाय टाकू नका. आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका.

विणीच्या हंगामात कड्यांवर आणि पुळणीवर पक्ष्यांची घरटी असतात. वाळूतली अंडी वाळूच्याच रंगाची, पायाखाली आल्याशिवाय दिसत नाहीत. एखादा पक्षी ओरडत डोक्याभोवती घिरट्या घालू लागला तर तुम्ही घरट्याच्या जवळ आलात, आल्या वाटेने मागे फिरा. ड्रोन तर अशा जागी नकोच, बहुतेक दीपगृहांवर त्याला मनाईही असते.

मनोऱ्यात

जिना बहुधा गोल आणि अरुंद. पायरी भिंतीकडे रुंद असते आणि मध्याकडे निमुळती होत जाते, म्हणून भिंतीच्या बाजूने चढा. काही ठिकाणी लोखंडी जाळीच्या पायऱ्या असतात आणि खालचं सगळं दिसतं. उंचीची भीती वाटत असेल तर खाली न बघता पुढच्या पायरीकडे बघा आणि प्रत्येक खिडकीशी थांबून बाहेर नजर टाका. उतरणाऱ्याला आधी वाट द्या. शेवटचा टप्पा पुष्कळदा उभ्या शिडीचा असतो. तो तोंड शिडीकडे ठेवूनच उतरायचा.

बऱ्याच जुन्या मनोऱ्यांत मधोमध वरपासून खालपर्यंत पोकळी दिसेल. भिंग फिरवणाऱ्या यंत्राचं वजन तिच्यातून हळूहळू खाली यायचं आणि रखवालदाराला दर काही तासांनी ते हाताने वर गुंडाळावं लागायचं, रात्रभर.

वर जुनं काचेचं भिंग शिल्लक असेल तर सगळा वेळ त्यालाच द्या, देखावा कुठे पळून जात नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगुस्तँ-झाँ फ्रेनेल यांनी रचलेलं असं भिंग १८२३ मध्ये पहिल्यांदा फ्रान्समधल्या कॉर्दुआँच्या दीपगृहात बसलं. एवढं मोठं अखंड भिंग केलं असतं तर त्याच्या जाडीमुळे ते अतोनात जड झालं असतं आणि बराचसा प्रकाश काचेतच जिरला असता. फ्रेनेल यांनी फक्त प्रकाश वळवणारे वक्र पृष्ठभाग ठेवले आणि मधली निरुपयोगी काच काढून टाकली. जवळ जाऊन बघा: मध्ये फुगीर गोल भिंग, त्याभोवती काचेची एकात एक वलयं, वर आणि खाली तिरके बसवलेले लोलक, आणि हे सगळं पितळी चौकटीत. प्रत्येक लोलकाचा कोन वेगळा असतो, पण सगळ्यांतून निघणारा प्रकाश क्षितिजाला समांतर जातो. डोकं थोडं खाली-वर केलंत तर प्रत्येक वलयात बाहेरच्या समुद्राचा तुकडा वेगळ्या जागी, कुठे उलटा, दिसतो. आकारानुसार भिंगांच्या श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत दिव्यापासून भिंगाचं अंतर ९२ सेंटिमीटर आणि सहाव्या श्रेणीत जेमतेम १५. माहितीफलकावर श्रेणी दिलेली असतेच, त्यावरून हा दिवा भर समुद्रासाठी होता की बंदरापुरता, याचा अंदाज येतो.

काही ठिकाणी दिवसा काचांवर पडदे ओढलेले दिसतील. भिंग प्रकाश बाहेर फेकतं, तसंच बाहेरून येणारं ऊनही आत एका बिंदूवर गोळा करतं, आणि त्याने आग लागू शकते. म्हणून पडदा सरकवू नका. फिरत्या भिंगालाही हात लावू नका: जुनी मोठी भिंगं पाऱ्याच्या हौदात तरंगतात. कित्येक टनांचं ओझं त्यामुळे बोटाने ढकललं तरी फिरतं, पण पाऱ्याची वाफ विषारी असते.

सज्जात बाहेर पडताना आधी टोपी, चष्मा, मोबाइल सांभाळा. किनाऱ्यावर उभ्या माणसाचं क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं. ३० मीटर उंचीवर ते जवळजवळ २० किलोमीटरवर जातं आणि ६० मीटरवर सुमारे २८. उंची दुप्पट केली तरी अंतर दुप्पट होत नाही, हे इथे डोळ्यांनी पटतं. मग खाली बघा. पाण्यात फिकट किंवा गडद डाग, फेसाची एकाच जागी टिकून राहिलेली रेघ दिसली तर तिथे खडक किंवा वाळूचा दांडा आहे. हे दीपगृह कशासाठी बांधलं, याचं उत्तर बहुधा त्या रेघेत मिळतं. जवळपास धुक्याचा भोंगा बसवलेला असेल तर त्याच्यासमोर थांबू नका, तो कधीही आपोआप वाजू शकतो.

दिवा लागल्यावर

पायथ्याशी उभं राहून दिवा नीट दिसत नाही, कारण प्रकाश तुमच्या डोक्यावरून दूर समुद्राकडे जातो. सूर्यास्त झाला की परतीला लागा आणि एक-दीड किलोमीटर मागे आलात की थांबा. ही जागा जाताना उजेडातच हेरून ठेवा. कित्येक दीपगृहांत जमिनीकडच्या काचा मुद्दाम झाकलेल्या असतात. मनोरा आणि मोकळा समुद्र एकत्र दिसेल असं वळण निवडा, कारण दिवा दिसण्याची शक्यता तिथेच जास्त.

आता मोजा. झोत चमकला की ‘शून्य’ म्हणा आणि तीच लय पुन्हा सुरू होईपर्यंत सेकंद मोजा. एका आवर्तनात झोत किती आणि आवर्तन किती सेकंदांचं, ही त्या दिव्याची ओळख. इंग्लंडच्या एडिस्टोनचा दिवा दर १० सेकंदांत दोनदा चमकतो, केप हॅटरसचा दर साडेसात सेकंदांनी एकदा. शेजारच्या दोन दीपगृहांची लय कधीच सारखी ठेवत नाहीत. वादळात किनाऱ्याजवळ आलेल्या जहाजावरच्या माणसाने असेच सेकंद मोजून आपण कुठे आहोत ते ठरवायचं असतं. मोजलेला आकडा नंतर नकाशातल्या नोंदीशी पडताळून बघा. मुलांना हे फार आवडतं.

काही दिवे दिशेनुसार रंग बदलतात. सुरक्षित वाटेवर पांढरा, धोक्याच्या बाजूला लाल. अशा दिव्याजवळच्या वाटेवर पन्नास-साठ पावलं चाललात तर पांढरा झोत एकदम लाल झालेला दिसू शकतो. तिथे थांबून दिव्यापासून तुमच्या जागेपर्यंत मनात एक रेघ ओढा आणि ती समुद्रावर पुढे वाढवा, सीमेच्या लाल बाजूला खडक असण्याची शक्यता मोठी.

फोटो काढायचा असेल तर सूर्यास्तानंतरची पहिली वीस-तीस मिनिटंच कामाची. आकाशात निळा उजेड असतो आणि दिवाही दिसतो. पूर्ण अंधारात फक्त पांढरा ठिपका उरतो. कॅमेरा तिपाईवर किंवा दगडावर ठेवा आणि एका आवर्तनाइतका वेळ उघडा ठेवा, म्हणजे प्रत्येक झोत चित्रात येईल.

नंतर सामानाच्या जुन्या रस्त्याने परत या, कड्यावरून किंवा पुळणीवरून नको. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या टॉर्चकडे एकदा बघितलं तरी तो सराव मोडतो. टॉर्च खाली, पावलांपुढे धरा. लाल उजेडाची सोय असेल तर ती वापरा. समुद्राकडे टॉर्च हलवू नका, दुरून ती मदतीची खूण वाटू शकते. आणि परतल्यावर, घरी ज्याला सांगून गेला होतात त्याला पोहोचल्याचं कळवा.